आठ मोटारींची बैलगाडी

रस्त्याच्या शास्त्रात एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी. हे मी म्हणत नाही, इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते. ही काँग्रेस निवडणुका लढवत नाही. १९३४ साली स्थापन झालेली ती रस्ते-अभियंत्यांची संस्था आहे आणि रस्ता किती जाड असावा, किती रुंद असावा, वळण कसं द्यावं, याच्या पुस्तिका छापते. तिच्या १९९० सालच्या एका पुस्तिकेत गावाकडच्या रस्त्यांसाठी एक कोष्टक आहे. मोटार एक. सायकल अर्धी. ट्रक किंवा बस तीन. हातगाडीही तीन. टांगा चार. आणि बैलगाडी आठ. गाडी लहान असेल तर सहा. बैलगाडी आपल्या चालीने निघाली की तिच्यामागे जेवढ्यांची कुचंबणा होते, तेवढं तिचं वजन, असा हा हिशेब आहे.

त्याच वर्षी निघालेल्या शहरी रस्त्यांच्या पुस्तिकेत बैलगाडी नाहीच. शहरात ती येणार नाही असं धरलेलं दिसतं. टांगा आहे, पण त्याचा भाव चारावरून दीड-दोनवर घसरलेला. रिक्षाची गंमत तर आणखी वेगळी. रस्त्यावर रिक्षा थोड्या असतील तर एक रिक्षा म्हणजे १.२ मोटारी, आणि एकूण वाहनांत त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं की तीच रिक्षा दोन मोटारींएवढी होते. संख्या वाढली की प्रत्येकीचा आकारही वाढतो, हे भाईंदर स्टेशनबाहेर संध्याकाळी सात वाजता उभं राहिलेल्या कुणालाही सिद्ध करून दाखवावं लागणार नाही. या मापाला ‘पीसीयू’ म्हणतात, पॅसेंजर कार युनिट. मोटार हे एकक, बाकी सगळी दुनिया तिच्या पटीत किंवा अपूर्णांकात. चालणारा माणूस मात्र दोन्ही कोष्टकांत नाही. त्याची किंमत शून्य आहे असंही म्हणता येत नाही, कारण शून्य लिहायलासुद्धा एक ओळ लागते.

हे सगळं आठवायचं कारण चौक. मीरा-भाईंदरच्या पार पश्चिम टोकाचं हे कोळ्यांचं गाव. भाईंदर पश्चिमेच्या स्टेशनाबाहेर बस पकडायची. मिठागरं आणि तिवरं बाजूला ठेवत मुर्धा, राई, मोर्वा ही आगरी गावं ओलांडायची, मग डोंगरी, तिथलं पोर्तुगीज काळातलं बेथलहेम माउलीचं चर्च, धारावी देवीचं देऊळ, मग उत्तन, आणि शेवटी चौक. पुढे समुद्र आणि वसईची खाडी. पलीकडच्या काठावर वसईचा किल्ला. अलीकडे टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आणि चिमाजी अप्पांचं स्मारक. १७३७ ते १७३९ अशी दोन वर्षं मराठे आणि पोर्तुगीज ज्या जागांसाठी झगडले, त्यांतली ही एक महत्त्वाची जागा. इथून खाडीचं तोंड नजरेत राहतं. त्या काळी वाहतूक म्हणजे गलबतं आणि मचवे होते आणि रस्ता रुंद करायचा प्रश्न नव्हता. देवाने तो आधीच पुरेसा रुंद करून ठेवला होता.

आता वाहतूक जमिनीवरून होते, आणि तिचे प्रकारही पाहण्यासारखे आहेत. मासळीचे टेम्पो, बर्फाच्या गाड्या, पालिकेच्या बस, शाळेच्या व्हॅन, आणि उत्तनच्या धावगी डोंगरावर अख्ख्या शहराचा कचरा घेऊन जाणाऱ्या गाड्या. रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीत शिबिराला आलेले कार्यकर्ते, न्यायिक अकादमीत प्रशिक्षणाला आलेले न्यायाधीश, आणि रविवारी किनारा बघायला आलेले, किनाऱ्यापेक्षा गाडी लावायला जागाच जास्त बघणारे मुंबईकर. सप्टेंबरात वेलंकनी माउलीचा सण आला की गर्दी बघायला नको. हे सगळे एकाच रस्त्याने येतात आणि, पुढे समुद्र असल्यामुळे, त्याच रस्त्याने परत जातात.

असा रस्ता रुंद करावा की नाही, हे ठरवायचं असेल तर आधी वाहनं मोजावी लागतात. हल्ली बहुतेक ठिकाणी खांबाला कॅमेरा बांधतात. पण रस्त्याकडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारणारी पोरं अजूनही दिसतात. अशाच एका पोराची आणि एका मावशींची गाठ पडलेली मी ऐकली आहे. मावशींच्या डोक्यावर मासळीची पाटी होती, आणि पाटी डोक्यावर असताना उभं राहून बोलायची त्यांची हातोटी अशी, की आपल्यालाच मान अवघडल्यासारखं वाटावं.

“काय लिवतोस रे बाळा?”

“गाड्या मोजतोय मावशी. रस्ता मोठा करायचाय.”

“मला मोजलंस?”

“तुम्ही यात येत नाही मावशी.”

“येत नाही कशी? रोज पहाटे येते. तूच नसतोस.”

पोरगं हसलं, पण मावशींचा मुद्दा पद्धतशास्त्राचा होता. मोजणी कधी करता यावर सगळं अवलंबून असतं. रोड्स काँग्रेसची १९७२ सालची वाहतूक-गणनेची पुस्तिका हे ओळखून आहे. ती म्हणते, सलग सात दिवस, चोवीस तास मोजा, वर्षातून निदान दोनदा मोजा, आणि त्यातली एक मोजणी सुगीच्या ऐन हंगामात करा. सुगी म्हटल्यावर पुस्तिका लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गव्हाची पोती असणार. चौकची सुगी पाण्यात असते. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, जाळ्यांची डागडुजी चाललेली, टेम्पो झाकून ठेवलेले. या दिवसांत मोजलं तर निष्कर्ष निघेल की हा रस्ता आहे तोच जास्त आहे, थोडा अरुंद केला तरी चालेल. नारळीपौर्णिमेनंतर बोंबील लागले की मोजा, आकडा फिरतो. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी मोजा, समुद्रात भराव घालावा लागेल असं उत्तर येईल. आणि लग्नसराईत संध्याकाळी मोजायला बसलात तर वरात येणार. बँडची हातगाडी कोष्टकात तीन धरता येईल. तिच्यापुढे नाचणाऱ्या साठ माणसांचं काय करायचं ते कुठल्याही पुस्तिकेत नाही, आणि रस्ता तर त्यांनीच अडवलेला असतो.

मोजणी झाली की खरी मजा पुढे. आजची वाहनं कळली, पण रस्ता आजसाठी बांधत नाहीत, पंधरा-वीस वर्षांनंतरच्या वाहनांसाठी बांधतात. ती अजून कारखान्यातही नाहीत. मग वाढीचा दर धरतात. स्थानिक माहिती नसेल तर वर्षाला साडेसात टक्के धरा, असा अनेक वर्षं आपल्याकडे दंडक होता. पुढे तो पाचावर आला. साडेसात टक्के ऐकायला साधे वाटतात, बँकेत एवढं व्याज मिळालं तर आपण शेजाऱ्याला सांगतही नाही. पण ते चक्रवाढ असतात. आज शंभर गाड्या असतील तर दहा वर्षांनी दोनशे सहा, पंधरा वर्षांनी तीनशेला थोड्या कमी, पन्नास वर्षांनी तीन हजार सातशे. मी हाच हिशेब उलट्या बाजूनेही करून पाहिला. १७३९ साली वसईच्या मोहिमेतला एकच घोडा चौकच्या वाटेवर होता असं धरू, आणि तेव्हापासून दर वर्षी साडेसात टक्के वाढ धरू. आज चौकला शंभर कोटींच्या आसपास वाहनं असायला हवीत. रविवारी संध्याकाळी ती आली आहेत असं वाटतंही, पण एरवी नाही.

याचा अर्थ अंदाज बांधणारे अडाणी असतात असा नाही. त्यांची पंचाईत मीरा-भाईंदरच्या माणसाने तरी समजून घ्यावी. १९९१ च्या जनगणनेत या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजार झाली, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट. १९९१ साली कुणी तसा अंदाज सांगितला असता तर त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. बरं, २००१ साली त्यावरून शहाणपण शिकून पुन्हा तिप्पट धरावं, तर २०११ साली पंधरा लाखांच्या वर जायला हवं होतं. निघाले ८ लाख ९ हजार. आणि त्यानंतर? २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. तेव्हा २०४१ साली इथे किती लोक असतील हा अंदाज ज्या पायावर उभा करायचा, ती आजची लोकसंख्या हासुद्धा एक अंदाजच आहे. भविष्य सांगणाऱ्याला निदान वर्तमान तरी माहीत असतं, अशी आपली समजूत असते.

मुंबई महानगरासाठी मोठं मॉडेलही आहे. एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाने २००८ साली पूर्ण केलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात २०३१ पर्यंतचे अंदाज होते. अशा मॉडेलची घडण अमेरिकेत १९५० च्या दशकात, डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांत झाली. चार पायऱ्या. माणसं किती वेळा घराबाहेर पडतील, कुठे जातील, कशाने जातील, कोणत्या रस्त्याने जातील. चारही प्रश्न आपल्या घरातल्या मुलाला संध्याकाळी विचारून पाहावेत आणि मग या शास्त्राबद्दल आदर बाळगावा.

जगात या अंदाजांचं पुढे काय झालं, तेही लोकांनी तपासून पाहिलं आहे. बेंट फ्लुबियर नावाच्या डॅनिश संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १४ देशांतले २१० प्रकल्प घेतले. रस्त्यांच्या निम्म्या प्रकल्पांत अंदाज आणि प्रत्यक्ष यांत वीस टक्क्यांहून जास्त फरक निघाला. रेल्वेच्या दहांतल्या नऊ प्रकल्पांत प्रवाशांचा आकडा फुगवलेला निघाला. ब्रिटिश सरकारने १९८९ साली जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत त्यांच्या रस्त्यांवरची वाहतूक ८३ ते १४२ टक्क्यांनी वाढेल, आणि त्याच्या जोरावर रस्तेबांधणीचा प्रचंड कार्यक्रम आखला. २०२५ उलटून गेलं, खालचा आकडासुद्धा गाठला गेला नाही. आपल्याकडे वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला, तिथेही अपेक्षेएवढ्या गाड्या आल्या नाहीत. मुंबईकर म्हणाला, टोल वाचवू आणि माहीमलाच अडकू. हा पर्याय मॉडेलच्या चौथ्या पायरीवर बसत नसावा.

मी चौकच्या गप्पांत हे आकडे सांगतो तेव्हा एक निवृत्त अभियंते माझ्यावर वैतागतात. त्यांचं म्हणणं असं, की अंदाज चुकतो म्हणून अंदाज करूच नये का? आणि रस्ता अरुंद ठेवून कुणाचं भलं झालं? उत्तनच्या माणसाच्या छातीत रात्री दुखायला लागलं तर त्याला भाईंदरच्या भीमसेन जोशी रुग्णालयापर्यंत न्यायचं ते याच रस्त्याने. समोरून कचऱ्याची गाडी आली, बाजूला टेम्पो उभा असला, तर ती रुग्णवाहिका किती पीसीयूची? या प्रश्नावर माझ्याकडे विनोद नाही. ते बरोबर आहेत.

फक्त मला असं दिसतं की रुंदीचा निर्णय क्वचितच मोजणीच्या वहीतून निघतो. आधी नकाशावर दोन समांतर रेघा ओढल्या जातात, त्यांच्यामधलं अंतर ठरतं, आणि मग अंदाज मागवला जातो. दोन्ही घरांनी साखरपुड्याचा हॉल ठरवून झाल्यावर पत्रिका बघायला गुरुजींकडे पाठवावी, तसं. तिथे छत्तीस गुण जुळले नाहीत तरी अठराच्या खाली कुणी उतरत नाही. ‘हा रस्ता आहे तेवढाच पुरेल’ असं सांगणारा वाहतूक अहवाल निघत असेलही, पण त्याच्या उद्घाटनाचा नारळ कोण फोडणार?

२०२२ च्या ऑक्टोबरात मीरा-भाईंदरचा नवा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि मुर्धा, राई, मोर्वा या गावांत खळबळ उडाली. गावांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणात घरं जाणार, म्हणून लोक विरोधात उभे राहिले. त्याआधी याच गावांच्या जमिनीवर मेट्रोची कारशेड येणार होती. विरोध झाला आणि ती डोंगरीला सरकली. तिथे हजारो झाडांचा प्रश्न निघाला. एका पट्टीवर दोरी ओढली की दुसरीकडे कुणीतरी खेचलं जातंच. मुंबईच्या नकाशात या गावांची जागा कायम ‘अजून मोकळं आहे’ अशा रंगात रंगवलेली असते. मोकळं म्हणजे कुणाचं तरी मीठ, कुणाचं भात, कुणाच्या बोंबील वाळवायच्या वलांड्या.

अंदाजाच्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र वाहतूक-शास्त्रात नाही, बांधकाम नियमावलीत आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही भाग वगळून राज्यभर एकच नियमावली लागू झाली. तिच्यात एक सारणी आहे. मोठ्या शहरांत, गावठाणाबाहेर, तुमच्या भूखंडासमोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी रुंद असेल तर मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते माप, १.१, त्यापुढे काही नाही. रस्ता नऊ मीटरचा झाला की अधिमूल्य भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचे बांधकामहक्क, विकत घेऊन दोनपर्यंत जाता येतं. बारा मीटरला सव्वादोन, पंधराला अडीच, चोवीसला पावणेतीन, आणि तीस मीटर किंवा जास्त असेल तर तीन. म्हणजे हजार चौरस मीटरच्या ज्या जागेवर अकराशे मीटर बांधता येत होतं, तिथे समोरचा रस्ता रुंद झाला की तीन हजार. बाकीच्या सवलती वेगळ्याच.

आता साखळी नीट पाहावी. वाहनं वाढणार असा अंदाज निघतो, म्हणून रस्ता रुंद करायचा. रस्ता रुंद झाला म्हणून इमारती उंच होतात. इमारती उंच झाल्या म्हणून माणसं येतात. माणसांबरोबर गाड्या येतात, कारण त्याच नियमावलीने प्रत्येक इमारतीला पार्किंग सक्तीचं केलेलं असतं. मग वीस वर्षांनी कुणीतरी मोजणी करतो, आणि काय आश्चर्य, वाहनं अंदाजाप्रमाणे वाढलेली असतात! अंदाज बांधणाऱ्याचा सत्कार करायला हरकत नाही. त्याने पावसाचा अंदाज सांगितला आणि मग गच्चीवर जाऊन टाकीचा नळ सोडला.

अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच लिहून ठेवलं, की गर्दीच्या वेळी शहरातला द्रुतगती रस्ता जेवढा मोठा कराल तेवढा तो भरतो. आपण त्याच्याही एक पाऊल पुढे आहोत. रस्ता भरावा अशी कायदेशीर तरतूद आपण केली आहे.

उत्तनच्या बाबतीत आता अंदाज गावातल्या रस्त्यापुरते राहिलेले नाहीत. उत्तन ते विरार असा सागरी सेतू एमएमआरडीएने आखला आहे. समुद्रातला भाग चोवीस किलोमीटरांच्या आसपास, जोडरस्ते धरून पंचावन्न किलोमीटर. त्यातला उत्तनचा जोडरस्ताच नऊ किलोमीटरांचा. कोळी मंडळींचा विरोध आहे, कारण खांब जिथे रोवायचे तिथे त्यांची जाळी लागतात. या सेतूचा खर्च आधी सत्त्याऐंशी हजार कोटींवर होता. तो बावन्न हजार कोटींवर आला, आणि तो कसा आला ते वाचून मला रुंदीकरणाच्या शास्त्राबद्दल नवी आशा वाटू लागली. आधी येण्याच्या चार आणि जाण्याच्या चार मार्गिका होत्या. त्या तीन-तीन केल्या. खांबांची रचना बदलली, जोडरस्ते आटोपशीर केले. वाचले सुमारे पस्तीस हजार कोटी. म्हणजे रुंदी ही दगडावरची रेघ नसते तर. पैसे पुरेनासे झाले की आठ मार्गिकांचं भविष्य सहा मार्गिकांत बसतं. मुर्ध्याच्या माणसाचा ओटा पुरेनासा झाल्यावरही असंच काही बसवता येईल का, एवढंच त्याला विचारायचं असतं. पण ओट्याची किंमत हजार कोटींत नसल्यामुळे त्याची फाइल त्या टेबलावर जात नाही.

आणि सेतूची ही सगळी उठाठेव ज्या वसईकडे जाण्यासाठी, ती चौकच्या धक्क्यावरून दिसते. रस्त्याने जायचं तर घोडबंदरला वळसा घालून, वरसाव्याच्या पुलावरून, पुन्हा पश्चिमेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली, दुचाकी-चारचाकी चढवायची आणि पलीकडे उतरवायची. पाण्यावरच्या त्या वाटेला अजून कुणी रुंदीकरणाची नोटीस दिलेली नाही.

मग करायचं काय, असं ते निवृत्त अभियंते मला विचारतात, आणि इथे त्यांचीच काँग्रेस माझ्या मदतीला येते. शहरी रस्त्यांच्या त्याच पुस्तिकेत रस्त्याची क्षमता दिली आहे. दोन पदरी, दुतर्फा वाहतुकीचा रस्ता. कडेला गाड्या उभ्या असतील, घरा-दुकानांतून थेट रस्त्यावर उतरता येत असेल, तर तासाला ९०० पीसीयू. कडेला एकही गाडी उभी नसेल, पण घरांची दारं रस्त्यावर उघडत असतील, तर १२००. दारंही बंद केली, तर १५००. तिन्ही वेळा रस्ता तोच, रुंदी तीच, डांबर तेच. दारं बंद करायची नाहीत, कारण मग ते गाव राहणार नाही. पण नुसत्या उभ्या गाड्या हलवल्या तर क्षमता एक तृतीयांशाने वाढते. एक घर पडत नाही, एक क्रूस हलत नाही, एका वलांडीला धक्का लागत नाही. दोन-तीन ठिकाणी गळा आवळल्यासारखा रस्ता आहे तेवढा मोकळा करायचा. मासळीच्या टेम्पोंना भरण्या-उतरवण्याची जागा द्यायची. कचऱ्याच्या गाड्या शाळेच्या वेळेला सोडायच्या नाहीत. रविवारच्या पाहुण्यांना गाडी अलीकडेच लावायला लावून पुढे बसने आणायचं, आणि अर्थात ती बस असावी लागते. ती भरेपर्यंत थांबणारी नको, वेळेवर सुटणारी हवी.

अभियंते म्हणाले, “हे सगळं बरोबर आहे हो, पण पार्किंग हटवायला रोज उठून माणूस उभा करावा लागतो. रस्ता एकदाच रुंद करून मोकळं होता येतं.” मला वाटतं, या विषयावर मी ऐकलेलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. डांबराला पगार द्यावा लागत नाही.

चौकच्या धक्क्याजवळच्या टपरीवर हा विषय अजून संपलेला नाही. तिथल्या एका काकांनी स्वतःच हरकतीचा अर्ज लिहून ठेवला आहे. कुठे सुनावणी लागली तर हाताशी असावा म्हणून. काका पूर्वी बोटीवर तांडेल होते, त्यामुळे हिशेब तोंडी पक्का. अर्ज त्यांनी आम्हाला वाचून दाखवला. मुद्दा पहिला, चौकच्या पुढे रस्ता नाही, समुद्र आहे. मुद्दा दुसरा, म्हणून इथे आलेली प्रत्येक गाडी परत जाते, आणि मोजणाऱ्याने ती दोनदा मोजलेली आहे. मुद्दा तिसरा, सबब एकूण आकड्याला दोनाने भागावे, आणि प्रस्तावित रुंदीलाही.

“काका, असं नाही चालत,” अभियंते म्हणाले. “येणाऱ्याला एक बाजू लागते, जाणाऱ्याला एक बाजू लागते.”

“एका वेळी कशाला लागतात? रविवारी सकाळी सगळे येतात. संध्याकाळी सगळे जातात. सकाळी अख्खा रस्ता येणाऱ्याला द्या, संध्याकाळी जाणाऱ्याला. भरती-ओहोटी कशी?”

अभियंते गप्प झाले, कारण परदेशात काही रस्त्यांवर आणि पुलांवर अगदी हेच करतात, मधल्या मार्गिकांची दिशा सकाळ-संध्याकाळ बदलतात, आणि त्यांना ते माहीत होतं. काकांनी अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. तेवढ्यात टपरीवाल्याने ग्लास विसळता विसळता विचारलं, “आणि आज संध्याकाळी पाली गावची वरात यायचीय, तिला कुठली बाजू?”

काकांनी घडी उलगडली आणि माझ्याकडे पेन मागितलं.